किट कारमध्ये दुसरं इंजिन-गिअरबॉक्स बसवायचंय? आधी क्रम नीट समजून घ्या

पुण्यात हौशी लोकांच्या शेडमध्ये एकच चित्र सारखं दिसतं. चॅसी उभी आहे, इंजिन आत टांगलंय, फाउंडेशनच्या (इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगच्या) पट्ट्या मस्त फुल वेल्ड मारून झाल्यात आणि मग कळतं की स्टिअरिंगचा रॉड सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला घासतोय किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) त्याच्यावरच्या टनेलच्या पत्र्याला लागतोय. मग ग्राइंडर काढा आणि सगळं कापा. बहुतेकांची कारागिरी चांगलीच असते, पण क्रम उलटा असतो, म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. इंजिन निवडण्याचे वाद किंवा कुठल्या गाडीला किती पिकअप हे इथे नाही.

उदाहरण म्हणून मी पुढे इंजिन, मागची चाकं चालणारी, पाइपच्या फ्रेमवर हलकी बॉडी असलेली दोन सीटची किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडलेली गाडी) धरलीये आणि त्यात मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं जी१३बीबी इंजिन, सोबत तिचाच पाच गिअरचा बॉक्स. हे कॉम्बिनेशन आपल्याकडे सोयीचं पडतं कारण इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, अॅल्युमिनियमचं असल्याने हलकं आहे, आणि जिप्सीची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट असतो, त्यामुळे ती काढून टाकून गिअरबॉक्समधून थेट मागच्या हाऊसिंगला (मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा अॅक्सल) शाफ्ट नेता येतो. तुमचं इंजिन वेगळं असलं तरी क्रम हाच राहील.

टप्पा ० : कागद

हे कंटाळवाणं आहे पण आधी हेच. गाडीला आरसी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून बदल चालणार नाहीत असंच सांगितलंय. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं ऑफिस, एमएच १४ असेल तर मोशीचं. एजंटला विचारून काम सुरू करू नका, अर्ज करून लेखी उत्तर घ्या. आणि गाडी पूर्ण घरीच बनवलेली असेल, आरसीच नसेल, तर ती रस्त्यावर आणायचा विचार सोडा. टाइप अप्रूव्हलची, म्हणजे गाडीचं मॉडेल सरकारी चाचणीतून मंजूर करून घ्यायची प्रक्रिया गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, एका नगासाठी ती परवडत नाही. शेतावर, खाजगी जागेत, ट्रॅकवर चालवा.

चेक : जुन्या इंजिनाच्या बिलावर इंजिन नंबर लिहून घेतलाय का आणि तो ब्लॉकवर पंच केलेल्या नंबरशी जुळतोय का. बिल नाही तर इंजिन नाही, कितीही स्वस्त मिळो.

टप्पा १ : इंजिन पारखणं आणि "सगळं" घेणं

नाना पेठेत स्पेअर पार्ट नवे मिळतात, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पाने, क्लॅम्प, गेज असला बारीक माल मिळतो, पण इंजिन मात्र शक्यतो पूर्ण गाडीतून काढलेलं, म्हणजे तुमच्यासमोर चालू करून दाखवलेलं घ्या. तसं जमत नसेल तर किमान हे बघा : क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, कुठे अडलं तर सोडून द्या. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय असं समजा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या, आकडा किती आला यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर भाव पाडायचा किंवा निघायचं.

आता खरी गोष्ट. लोक इंजिन आणि बॉक्स घेऊन येतात आणि मग तीन महिने बारीकसारीक वस्तू शोधत फिरतात. त्याच गाडीतून, त्याच दिवशी, त्याच टेम्पोत हे सगळं आलं पाहिजे :

- ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याची पूर्ण वायरिंग (कापलेली नको, प्लगसकट), सगळे सेन्सर, फ्युएल पंप, रिले, फ्यूज बॉक्स
- स्टार्टर, अल्टरनेटर, त्यांचे ब्रॅकेट आणि बोल्ट
- फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, रिलीज फोर्क, क्लच केबल
- इंजिनाच्या बाजूचे फाउंडेशन ब्रॅकेट आणि गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर
- गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची गोल चकती) आणि त्याला जोडणारा छोटा शाफ्ट, निदान त्याचा फ्लँज तरी
- बेल हाऊसिंग (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं कवच) आणि ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिना

शेवटची ओळ परत वाचा. डॉवेल म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पोकळ नळ्या, भंगारवाल्याकडे पडून हरवतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांच्याशिवाय बॉक्स बोल्टवर बसतो खरा पण बोल्टच्या भोकात थोडी ढील असतेच, तेवढा तो सेंटरवरून सरकतो आणि मग पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकातलं, बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) आवाज करतं, क्लच थरथरतो, आणि माणूस क्लच प्लेटवर प्लेट बदलत बसतो.

वायरिंगची झंझट नको असेल तर जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीचं इंजिन घ्या, वायर अगदी मोजक्या. माझं मत मात्र एमपीएफआयचंच (इंजेक्शनवालं इंजिन), एकदा नीट जोडलं की सकाळी थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही.

टप्पा २ : जागा आणि तयारी

काँक्रीटची सपाट फरशी पाहिजे, पेव्हर ब्लॉकवर हे काम करू नका, जॅक रुततो आणि मापं खोटी येतात. चेन ब्लॉक लावायचा तर तो पत्र्याच्या शेडच्या अँगलला नाही, स्वतंत्र गॅन्ट्री किंवा इंजिन क्रेन भाड्याने आणा. अॅल्युमिनियमचं इंजिन आहे, दोघं मिळून उचलू असं वाटतं, पण बॉक्ससकट ते वाकडंतिकडं झोल खातं आणि बोटं मध्ये सापडतात.

वेळेचं गणित पण बघा. जूनमध्ये सुरू केलंत तर उघडं फ्लायव्हील आणि सिलिंडर पावसाळी हवेत दोन दिवसात तांबूस होतात, ऑइलचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावं लागतं. भोसरीत लेथ, शाफ्ट बॅलन्सिंग वगैरे सगळं मिळतं पण गुरुवारी एमआयडीसीत सुट्टी, त्यामुळे गुरुवारी कापलेला शाफ्ट घेऊन जाऊ नका.

विकत आणायचं ते आधीच आणा : क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंगचा सेट, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं-मागचं सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप. या इंजिनात वॉटर पंप काढायला टायमिंग बेल्ट सोडावाच लागतो, म्हणून दोन्ही एकदम, इंजिन बाहेर असतानाच. आत बसवल्यावर तेच काम पुढच्या क्रॉस मेंबरमधून हात घालून करायचं म्हणजे शिक्षा आहे.

टप्पा ३ : जुनं काढायच्या आधी मापं

जुनं इंजिन निघालं की मापं गेली. काढायच्या आधी गाडी चारही चाकांवर, हवा बरोबर भरून, ड्रायव्हर सीटवर दीड गोणी सिमेंट (एक गोणी ५० किलोची, म्हणजे माणसाच्या वजनाचा अंदाज येतो) आणि टाकीत अर्धं पेट्रोल, अशी उभी करा. मग वहीत लिहा :

- जुन्या गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजची जमिनीपासून उंची आणि चॅसीच्या मध्यरेषेपासून बाजूचं अंतर
- तोच फ्लँज आणि मागच्या हाऊसिंगच्या पिनियनचा (शाफ्ट जोडला जातो त्या पुढच्या गिअरचा) फ्लँज, दोन्हींचा कोन
- गिअर लिव्हर कुठे येतो, पेडलबॉक्स आणि बेल हाऊसिंगमध्ये किती अंतर आहे
- सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) तळ जमिनीपासून किती वर

मध्यरेषेसाठी चॅसीच्या पुढच्या आणि मागच्या क्रॉस मेंबरच्या मध्यातून दोरी ताणा आणि ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने रेघ मारा. पुढची सगळी मापं या रेघेवरून घ्यायची, म्हणून ती पुसू नका, खडूऐवजी ऑइलपेंटने मारली तरी चालेल.

मग बॅटरी सोडा, पेट्रोल काढा, कूलंट काढा, आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहून फोटो.

टप्पा ४ : आधी मागचं हाऊसिंग, मग इंजिन

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. इंजिन आधी बसवतात आणि हाऊसिंगला त्याच्याशी जुळवायला जातात. पण हाऊसिंगची जागा चाकांनी ठरते, ती हलवता येत नाही, इंजिन दोन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे हलवता येतं. म्हणून आधी मागचं हाऊसिंग पक्कं करा.

दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, फरक ३ मिमीच्या आत आणा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या विरुद्ध चाकापर्यंत कर्ण मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. हे नीट नसेल तर गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते.

आता रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे फिरतो. हाऊसिंग भंगारातून आणलं असेल तर प्लेटवर लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका, मोजा : एक चाक जमिनीला टेकवून पक्कं धरा, दुसरं हवेत घेऊन बरोबर दोन फेरे फिरवा, आणि पिनियनचा फ्लँज किती फेरे फिरला ते मोजा. साधारण ३.९ आला तर ३.९ रेशो.

ट्रान्सफर केस काढल्याचा परिणाम इथे दिसतो. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजलाही सुमारे १.४ ची घट असते. समजा टायर १७५/७० आर१३, एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातो. चौथ्या गिअरला, जो थेट १:१ असतो, ३००० आरपीएमला ३००० भागिले ३.९ म्हणजे ७६९ फेरे, गुणिले १.८ म्हणजे मिनिटाला साधारण १३८५ मीटर, ताशी ८३ किमी. ट्रान्सफर केस असती तर तेच ५९ वर आलं असतं. हलक्या गाडीला ट्रान्सफर केसशिवायचा रेशो बरोबर बसतो, उलट ती ठेवली तर इंजिन कायम ओरडत राहील. म्हणजे ३.९ चं हाऊसिंग असेल तर छेडू नका.

अजून एक : जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. केस गेली की स्पीडोमीटरही गेला. त्याची सोय आत्ताच ठरवा, जीपीएसवाला मीटर लावा किंवा पिनियन फ्लँजच्या बोल्टवर सेन्सर.

टप्पा ५ : कोरडी जुळणी

इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच जोडून एकत्र आत सोडायचे, वेगवेगळे नाही. या फेरीत क्लच नको, डॉवेल टाकून चार बोल्ट पुरे. पण मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, स्टार्टर, ऑइल फिल्टर हे सगळं लावलेलं पाहिजे, नुसता ब्लॉक टाकून मापं घेतली तर नंतर ऑइल फिल्टर काढायला जागा नाही हे कळतं.

इंजिन पुढच्या बाजूला चेन ब्लॉकवर, मागे गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी ठोकळा. आता हा क्रम :

१. बाजू. क्रँक पुलीचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजचा मध्य, दोन्हीकडून ओळंबा सोडा. दोन्ही रेघेपासून सारख्या अंतरावर पाहिजेत. अंतर शून्य नसलं तरी चालतं, हाऊसिंगचा पिनियन बाजूला असेल तर इंजिन थोडं त्या बाजूला नेता येतं, पण इंजिन तिरकं नको, समांतर पाहिजे.

२. लांबी. गिअर लिव्हर हाताशी, बेल हाऊसिंग पेडलबॉक्सपासून निदान २० मिमी लांब, पुढे रेडिएटर आणि फॅनला जागा. इंजिन जितकं मागे जाईल तितकं गाडी वळायला बरी, पण डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल फायरवॉलला टेकवून ठेवू नका, हात गेला पाहिजे.

३. उंची. सम्पचा तळ चॅसीच्या खालच्या पाइपच्या वर राहिला पाहिजे. पुण्यातले स्पीडब्रेकर कसले आहेत ते सांगायला नको, सोसायटीच्या गेटवरचा तर बहुतेक वेळा सगळ्यात वाईट. सम्प खाली आला तर इंजिन वर घ्या, बॉनेटला फुगा काढा, सम्प कापून उथळ करायचा मोह टाळा, ऑइल कमी बसतं आणि वळणावर पंपाची जाळी कोरडी पडते.

४. कोन. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप चालतं. गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या चेहऱ्यावर मोबाइल उभा धरा, कोन लिहा, मग पिनियनच्या फ्लँजवर. दोन्ही चेहरे एकमेकांना समांतर पाहिजेत, फरक १ अंशाच्या आत. म्हणजे बॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश खाली जात असेल तर पिनियनची नाक तेवढीच ३ अंश वर.

आता दोन्ही फ्लँजच्या मध्ये पाइप किंवा दोरी ताणून शाफ्टचा स्वतःचा कोन बघा. शाफ्ट आणि फ्लँजमधला कोन, म्हणजे क्रॉस जॉइंटवर पडणारा कोन, दोन्ही टोकांना सारखा आणि ३ अंशाच्या आत असावा. पूर्ण शून्यही नको, अर्धा-एक अंश तरी पाहिजे, नाहीतर जॉइंटमधल्या सुया जागच्या जागी बसून कपात खड्डे पाडतात. या गाड्यांत शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे हाऊसिंग वर-खाली झालं की कोन लगेच वाढतो. म्हणून ही सगळी मापं गोण्या ठेवून, गाडी चाकांवर असताना घ्यायची. स्टँडवर हाऊसिंग लोंबकळत असताना घेतलेला कोन कचऱ्यात.

थांबा आणि तपासा : स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवा, रॉड कुठे लागतोय का. इंजिन हाताने डाव्या-उजव्या बाजूला ढकलून बघा, चालू इंजिन रबरवर हलतं, प्रत्येक बाजूला १५-२० मिमी मोकळीक ठेवा. मॅनिफोल्डपासून ब्रेकचा पाइप आणि पेट्रोलचा पाइप लांब आहे का. स्टार्टर, ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटपर्यंत पाना जातोय का.

हे सगळं बरोबर होईपर्यंत वेल्डिंगचं मशीन प्लगमध्ये घालायचं नाही.

टप्पा ६ : फाउंडेशन

इंजिनाच्या दोन्ही बाजूला एकेक आणि बॉक्सखाली एक, असे तीन. रबर त्याच इंजिनाचे वापरा, ट्रकचे कडक रबर घातले तर सगळा आरसा थरथरेल. कार्डबोर्डचा साचा करा, मग ५ मिमी पट्टीतून ब्रॅकेट कापा, रबरचा बोल्ट हाताने फिरून बसला पाहिजे. लिव्हरने ओढून बसवावा लागला तर ब्रॅकेट चुकलंय.

आता फक्त टॅक (तात्पुरता ठिपका वेल्ड) मारा, प्रत्येक पट्टीला दोन-तीन ठिपके. चेन ब्लॉक सैल सोडा, इंजिन स्वतःच्या वजनावर बसू द्या, आणि टप्पा ५ मधले सगळे कोन परत मोजा. रबर दबतात त्यामुळे थोडा फरक पडतो, तो बॉक्सखाली वॉशर घालून काढता येतो.

मग इंजिन बाहेर. हो, परत बाहेर. फुल वेल्ड इंजिन आत असताना मारला तर ठिणग्या होजवर आणि वायरिंगवर जातात, आणि वेल्डचं अर्थिंग इंजिनातून गेलं तर बेअरिंगमधून करंट जातो.

सूचना : वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि अल्टरनेटर सुटलेला, ईसीएम गाडीच्या बाहेर काढून ठेवलेला. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्ड होणाऱ्या तुकड्याच्याच जवळ.

वेल्ड थंड झाला की रंग लगेच मारा, उद्यावर टाकू नका.

टप्पा ७ : क्लच आणि जोडणी

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट थिनरने पुसा, नवीन प्रेशर प्लेटवर गंज येऊ नये म्हणून ऑइलचा थर असतो तो पण काढा. क्लच प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुधा लिहिलेलं असतं, नसेल तर स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. सेंटर करायला भंगारातल्या बॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलचा. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टवरच्या खाचांवर) ग्रीस नखावर मावेल एवढंच, जास्त लावलं तर फिरून क्लचवर उडतं.

बॉक्स सरळ सरकवायचा आणि त्याचं वजन कधीही इनपुट शाफ्टवर टांगून ठेवायचं नाही, प्लेटचा हब वाकतो आणि मग क्लच पूर्ण सुटतच नाही.

शेवटची अर्धी इंच जागा राहते आणि बॉक्स पुढे जात नाही, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. क्रँक थोडा फिरवा, बॉक्स गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हलवा, स्प्लाइन जुळतील. बोल्ट आवळून ओढून घेऊ नका! ५ मिमी फट असताना बोल्ट आवळला तर अॅल्युमिनियमच्या बेल हाऊसिंगचा कान तुटतो, तो आवाज ऐकला की पैसे गेलेच समजा. बॉक्स हाताने ढकलून पूर्ण बसला, फट दिसत नाही, तेव्हाच बोल्ट. आणि अॅल्युमिनियममध्ये आटे असतात म्हणून एअर गन नको, हाताने सुरुवात करून टॉर्क रेंच.

चेक : न्यूट्रलमध्ये क्रँक हाताने दोन फेरे मोकळा फिरला पाहिजे. फोर्क दाबल्यावर हलका, सारखा प्रतिकार आला पाहिजे.

गिअर ऑइल : बॉक्समध्ये जीएल-४ ग्रेडचं ७५डब्ल्यू-९०, हाऊसिंगमध्ये जीएल-५. उलटं करू नका, जीएल-५ मधली काही अॅडिटिव्ह पितळी सिंक्रोनायझरला चांगली नसतात. टनेलमध्ये बॉक्सचा फिलर प्लग झाकला जाणार असेल तर आत्ताच पत्र्याला झाकण असलेलं भोक पाडा.

टप्पा ८ : शेवटचं बसवणं आणि प्रोपेलर शाफ्ट

इंजिन आत, फाउंडेशनचे सगळे बोल्ट आधी हाताने, इंजिन एकदा हलवून रबर मोकळे बसू द्या, मग आवळा.

शाफ्टचं माप आत्ता घ्यायचं, आधी नाही, आणि गोण्यांसकट गाडी चाकांवर ठेवून. फ्लँजच्या चेहऱ्यापासून चेहऱ्यापर्यंत. जिप्सीच्या बॉक्सला मागे फ्लँज आहे, त्यात सरकणारा योक (क्रॉस जॉइंट धरणारा दुबेळका तुकडा) जात नाही, म्हणून सरकणारा भाग शाफ्टमध्येच पाहिजे. तो पूर्ण आत दाबल्यापासून २०-२५ मिमी बाहेर अशा स्थितीत लांबी ठरवा, म्हणजे खड्ड्यात हाऊसिंग वर आलं तरी शाफ्ट बॉक्सच्या बेअरिंगवर ठोकत नाही. भोसरीतल्या शाफ्टवाल्याला दोन गोष्टी तोंडी नाही, कागदावर लिहून द्या : दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत, आणि वेल्डनंतर डायनॅमिक बॅलन्सिंग.

फ्लँजला नवे बोल्ट, १०.९ ग्रेडचे, नवे नायलॉक नट. आणि शाफ्टच्या पुढच्या टोकाजवळ जाड पट्टीची एक कडी टनेलमध्ये बसवा. या गाड्यांत शाफ्ट तुमच्या कमरेपासून वीतभर अंतरावर फिरत असतो, पुढचा जॉइंट तुटला तर तो कडीने अडला पाहिजे. ही कडी ऐच्छिक नाही.

टप्पा ९ : पेट्रोल, पाणी, वायर

एमपीएफआयला प्रेशर बरंच जास्त, त्यामुळे इंजेक्शनचाच होज आणि त्याचे पूर्ण गोल क्लॅम्प, साधी जुबली क्लिप नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुना रबर त्यात फुगतो आणि तडकतो, भंगारातून आलेला एकही पेट्रोलचा होज ठेवू नका.

पाण्याचा नियम एकच, फिलर सगळ्यात उंच जागी. किट कारची नाक खाली असल्याने रेडिएटर इंजिनापेक्षा खाली जातो आणि हवा वरच्या होजमध्ये अडकते, काटा वर-खाली नाचतो. वरच्या होजच्या उंच जागी एक फिलर किंवा छोटी टाकी घाला. हीटर नसेल तर हीटरच्या दोन नळ्यांना बूच मारू नका, एकमेकींना जोडा.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो, कारण तीच कुणी करत नाही : इंजिन रबरवर बसलंय, म्हणजे चॅसीपासून इलेक्ट्रिकली वेगळं. ब्लॉकपासून चॅसीपर्यंत जाड अर्थिंग केबल पाहिजे, बॅटरीच्या निगेटिव्हइतकीच जाड. तापकीर गल्लीत मिळते, लग दाबून घ्या, रंग खरवडून लोखंडावर लावा. ती नसली तर स्टार्टरचा करंट परत यायला दुसरा रस्ता शोधतो, आणि तो असतो क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल. केबल आतून जळते, कडक होते, आणि तुम्ही केबलला ऑइल घालत बसता. दोन स्टार्ट मारून केबलला हात लावून बघा, गरम लागली तर अर्थिंग नाही.

टप्पा १० : पहिल्यांदा चालू करणं

अग्निशामक सिलिंडर हाताशी, एक माणूस फक्त पेट्रोलच्या जोडांकडे बघायला. मग :

१. ऑइल, कूलंट, गिअर ऑइल परत एकदा पाहा.
२. प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, आणि १० सेकंद स्टार्टर, ३० सेकंद विश्रांती, असं ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला नाही तर पुढे जायचं नाही.
३. प्लग परत, फ्यूज परत, इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पेट्रोलचं प्रेशर येऊ द्या, सगळे जोड बोटाने पुसून बघा.
४. मागची चाकं हवेत, हाऊसिंग स्टँडवर, पुढच्या चाकांना ठोकळे. स्टार्ट. दिवा लगेच विझला पाहिजे.
५. फॅन स्वतःहून चालू होईपर्यंत थांबा. फॅन लागायच्या आधी काटा लालमध्ये गेला तर बंद करा, पाण्यात हवा आहे.
६. क्लच दाबून पहिला गिअर, कर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबल आधी बघा. मग गाडी हलक्या वेगात चाकं फिरवून ऐका. हवेत असताना शाफ्टचा कोन बदललेला असतो, म्हणून जास्त वेग घेऊ नका आणि थोड्या थरथरीवर निष्कर्ष काढू नका.

जमिनीवर आल्यावर पहिली फेरी बंद आवारात, दुसऱ्या गिअरच्या वर नाही. ४०-५० च्या आसपास सीटखालून घुमणारा आवाज आला आणि क्लच दाबून गाडी नुसती पळत असतानाही तो राहिला तर शाफ्ट किंवा त्याचे कोन बघा. क्लच दाबल्यावर गेला तर इंजिनाचं फाउंडेशन किंवा सायलेन्सर कुठेतरी चॅसीला टेकलाय.

इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की फाउंडेशन, शाफ्टचे फ्लँज, बेल हाऊसिंग, मॅनिफोल्ड, या क्रमाने टॉर्क रेंच फिरवा. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ मारा, बोल्टवरून थेट ब्रॅकेटपर्यंत. पुढच्या वेळी गाडीखाली गेलात की पाना काढायच्या आधी टॉर्च मारा, कुठली रेघ तुटलीये ते लगेच दिसतं.